कानबाईचा मुखवटा आणि माझी वेणी

एकदा माझ्या वेणीला राळेनं भरलेली लोखंडी कढई आणि एक देवी, अशा दोघी दुपारभर लटकून होत्या. यात देवीची काही चूक नव्हती.

गोष्ट गोऱ्या साहेबाच्या राज्यातली. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा, शहाद्यात विजेचे दिवे यायचे होते, आणि मी सतरा वर्षांची असून जगातली सगळ्यात देखणी सून होते. (हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण काही गोष्टी माणसाला आतूनच कळतात!) सासर शहाद्याचं, माहेर सारंगखेड्याचं. तिथल्या यात्रेत लोक घोडीची शेपटी पारखायला यायचे आणि माझी वेणी पाहून थबकायचे, अशी माझी समजूत होती. वेणी गुडघ्यापर्यंत. मी ती चालताना मुद्दाम डावी-उजवीकडे झुलवायची, त्यामुळे मागून येणारी बाई जरा लांबूनच चाले. केस न्हायला सकाळ जाई, वाळवायला दुपार. मग स्वयंपाक कोण करी? सासूबाई.

सासूबाईंना आम्ही जिजी म्हणायचो. त्यांचा आवाज असा होता की त्या कानात कुजबुजल्या तरी बाजारपेठेत माणसं मान वळवत. सासरे म्हणजे आबा. सोनार बरेच होते, पण चांदीच्या पत्र्यातून देवाचा चेहरा ठोकून काढावा तो आबांनीच. सपाट पत्रा राळेवर बसवायचा आणि लहान हातोडी नि बोथट छिन्न्या घेऊन मागून ठोकत ठोकत गाल, कपाळ, नाक वर आणायचं. मग पत्रा उलटा करायचा, मागच्या पोकळीत राळ भरायची आणि पुढून डोळे, भुवया, ओठ कोरायचे. राळ म्हणजे झाडाचा चीक, विटेची भुकटी आणि तेल उकळून केलेला काळा लगदा. आमच्याकडे तो कढईत भरलेला असे. कोमट असला की मेणासारखा, तापला की पाकासारखा, आणि गार झाला की दगड. हे मी दोन वर्षं रोज पाहत होते. पाहत होते म्हणजे डोळ्यांसमोर होतं, एवढंच.

आमच्या घरात सुनेनं सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचंही नाही. आबा दिसले की माझा पदर हनुवटीपर्यंत खाली. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर तांब्या घेऊन उभी असले तरी ते जिजींना सांगत, "तिले सांग, पानी ठी दे." जिजी घरात नसल्या तर भिंतीला सांगत. माझे यजमान आबांच्याच हाताखाली काम शिकत होते. वडीलधाऱ्यांसमोर त्यांनीही बायकोशी बोलायचं नाही. तेव्हा घरातल्या दोन पुरुषांना माझ्याशी काही बोलायचं असलं की जिजींमार्फत. जिजी नसत्या तर आमचा संसार मुक्यानंच झाला असता.

श्रावण होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळालाच डोळे-नाक लावून, नथ घालून देवी करायची, रोटांचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा, स्वयंपाक करायचा, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. लोणखेड्याच्या पाटलीणबाईंना नातू झाला होता, म्हणून यंदा त्यांच्या कानबाईला चांदीचा मुखवटा चढायचा होता. काम आबांकडे. शनिवारी दिवेलागणीच्या आत पाटलीणबाई डफ वाजवत मुखवटा न्यायला येणार होत्या.

त्या शनिवारी सकाळी रांजणापाशी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून यजमान मला हळूच म्हणाले, "आबास्नी देवीनं नाक काढं. एकदम तुन्हं नाक दिसस."

बस. तेवढंच म्हणाले आणि गेले. माझ्या तीन भाकरी जळाल्या. म्हणजे आबांनी माझ्या नाकावरून देवी केली! उद्या अख्खं लोणखेडं माझ्या नाकापुढे हात जोडणार! मी पितळी तांब्यात नाक पाहिलं. तांब्यात ते वांग्यासारखं दिसलं. तांब्याला काय कळतं?

दुपारी वरण-बट्टीचं जेवण झालं. आबांनी डोळे कोरायला घ्यायचे म्हणून राळ पुन्हा तापवून मऊ केली आणि ती जरा आळेपर्यंत ओट्यावर पाठ टेकायला गेले. मी पाणी ठेवायच्या निमित्तानं कामाच्या खोलीत शिरले. कढईत देवी उताणी पडली होती, तोंड वर करून. गाल भरलेले, कपाळ रुंद, डोळ्यांच्या जागा अजून कोऱ्या. पण नाक वरून नीट कळेना. नाक बघायचं तर बाजूनं. म्हणून मी कढईशेजारी जमिनीवर पालथी पडले. एक बोट माझ्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं, एक देवीच्या. शेंडा तोच! मला गहिवरून आलं. वेणी पाठीवर टोचत होती, ती मी नेहमीच्या ऐटीत खांद्यावरून पुढे भिरकावली. ती कुठे पडली हे बघायला मान वळवायला हवी होती, आणि माझी मान तेव्हा देवीकडे लागली होती.

पोटात तुपातल्या चार बट्ट्या. गार वारा. समोर स्वतःचं नाक. मला झोप लागली.

जाग आली ती आबांच्या खोकण्यानं. आमच्याकडे सासरा खोकला म्हणजे सुनेनं ओळखायचं की ते येताहेत, पदर घ्या. मी पदर ओढत ताडकन उठले. म्हणजे मी उठले, डोकं नाही उठलं. डोकं अर्ध्यावरून मागे गेलं, कढई फरशीवर खरखरत माझ्यामागे आली, आणि देवी माझ्याकडे कोऱ्या डोळ्यांनी बघत राहिली. वेणीचा खालचा भाग राळेत रुतून दगड झाला होता.

मी पदर घेतला. पण डोकं कढईजवळ असल्यानं पदर कढईवरही गेला. आबा दारात आले तेव्हा त्यांना आपली सून दिसली नाही, कढई दिसली नाही आणि देवीही दिसली नाही. दिसलं ते एक लुगड्याचं गाठोडं, आत हुंदके देणारं.

आबांनी लगेच भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीला म्हणाले, "जिजीले बलाव."

जिजी आल्या. पदराचं टोक उचलून आत डोकावल्या.

"हाई काय शे वं?"

"वेणी चिकटनी, जिजी."

"ते दिसी ऱ्हायनं. देवीना शेजारी तू काय करी ऱ्हायंती?"

यावर मी जोरात रडू लागले. रडण्याचा एक फायदा असतो, उत्तर द्यावं लागत नाही.

आबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "तिले सांग, रडू नको. राळ तपाडी तं केस जळतीन. फोडी तं डोळा कशावर काढू? पाटलीनबाई येवामा शे."

तेवढ्यात यजमान धावत आले, हातात पत्रा कापायची कातर. "जिजी, तिले सांग, घाबरू नको. कापी टाकू. हातभर गई तं काय व्हई?"

मी पदराआडूनच किंचाळले. त्या काळी बाईच्या केसाला कातर लागायची ती नवरा गेल्यावर. आणि इथे खुद्द नवराच कातर घेऊन उभा!

जिजी त्यांच्यावर अशा ओरडल्या की ओट्यावरची कबुतरं उडाली. "तू जित्ता शे, धडधाकट शे, नि सवासननी वेणी कापाले निंघना? ठी दे ती कातर. नही तं पहिले तुन्ही जीभ कापसू."

शेजारच्या दुकानाच्या चांदाबाई शेठाणी आवाज ऐकून आल्या. घराणं मारवाडचं, पण जन्म शहाद्यात गेला, त्यामुळे त्यांची बोली चार भाषांची खिचडी होती. त्यांनी पाहिलं आणि निकाल दिला, "घी लगाव जिजी. माखन जसी निकळी जाई."

तूप आलं. वेणीला चोळलं, राळेला चोळलं, कढईच्या काठाला चोळलं. राळ जिथल्या तिथे राहिली. मात्र मी अशी निसरडी झाले की मला धरून बसवणंही कठीण झालं. वासानं घरातली मांजर आली आणि वेणी चाटायला लागली. तिला हाकललं की ती दुसऱ्या बाजूनं यायची. त्या घटकेला माझं कौतुक करणारी तीच एकटी.

उन्हं उतरू लागली. आबा अस्वस्थ झाले. "डोळा बाकी शेतस," ते भिंतीला म्हणाले. "आंधळी देवी कशी देऊ? तिले सांग, अशीच बठ नि हालू नको. मी डोळा काढी लेस. मंग वेणीनं देखू."

पण काढणार कसे? देवी सुनेच्या पदरात, आणि सुनेच्या पदरात सासऱ्यानं बघायचं नाही. जिजींनी पदर थोडा वर केला तर देवी दिसे, पण माझी हनुवटीही दिसे. हनुवटी झाकली की देवी गुडुप. शेवटी जिजींनी आबांचं धुतलेलं धोतर आणलं, एक टोक यजमानांच्या हातात दिलं, एक शेठाणींच्या, आणि माझ्या नि आबांच्या मधे चक्क अंतरपाट धरला! पलीकडे आबा, कढई आणि देवी. अलीकडे मी. धोतराखालून माझी वेणी पलीकडे गेलेली, तापीच्या काठाला बांधलेल्या नावेच्या दोरासारखी. लग्नात माझ्या नि यजमानांच्या मधे अंतरपाट होता तेव्हा मी तो कधी दूर होतो याची वाट पाहिली होती. या खेपेला तो पडू नये म्हणून सगळे देव आठवत होते.

आबांनी हातोडी उचलली. टक्. तो ठोका देवीच्या पापणीवर पडला आणि वेणीतून चढत माझ्या टाळूत निघाला. टक्, टक्. देवीचा डावा डोळा उघडत गेला तसा माझा डावा डोळा फडफडू लागला. उजव्याला उजवा. भुवईचे बारीक ठोके सुरू झाले तेव्हा माझे दात वाजायला लागले.

"तिले सांग, दात वाजाडू नको. मन्हा हात हालस."

"दात वाजाडू नको वं," जिजी म्हणाल्या. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शेवटची भुवई पुरी होते तोच डफ ऐकू आला. पाटलीणबाई वेळेआधी आल्या! अंगभर दागिने, हातात पूजेचं ताट, मागे डफवाला. त्या आल्या त्या आबांच्या बाजूनं, म्हणजे अंतरपाटाच्या पुढून. त्यांना देवीमागे धोतराचा पडदा धरलेला दिसला. देवीला घरातल्या कुणाची दृष्ट लागू नये म्हणून धरला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि मग त्यांची नजर राळेतून निघून पडद्याखाली गेलेल्या वेणीवर पडली.

"आबा," त्या हरखून म्हणाल्या, "केस बी लाया तुम्ही? कितला दाट, कितला लांब. आम्हना गावमा कोनीच कानबाईले असा केस नही."

आता खरं सांगते. मी त्या अवस्थेत, तुपानं माखलेली, तोंडात बोळा, डोक्याला कढई, आणि तरीही ते ऐकून मनातून फुलले.

आबांना खोटं बोलता येत नसे आणि खरं सांगायचं धाडस होईना. ते खोकले.

"काढू नका हां," पाटलीणबाई म्हणाल्या. "अशीच द्या. वेणीसकट बसाडसू. घट लायी शे ना?" आणि त्यांनी ती घट्ट आहे की नाही हे पाहायला वेणी धरून असा हिसका दिला की पलीकडे माझ्या तोंडातला बोळा पडला.

"ओ माय वं!" देवी ओरडली.

डफवाल्यानं डफ टाकला आणि जमिनीला कपाळ टेकवलं. पाटलीणबाईंनी ताट खाली ठेवून पदर पसरला. "माय," त्या देवीला म्हणाल्या, "मन्हं काय चुकनं?"

शेठाणींना हसू आवरेना. त्यांच्या हातून धोतर सुटलं. अंतरपाट पडला! आबा विजेसारखे भिंतीकडे वळले, हातोडी हातातच. आणि पाटलीणबाईंना दिसली वेणीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक बाई, जिच्या मांडीवर मांजर होती.

"हाई कोन शे?"

"मन्ही सून," जिजी म्हणाल्या. यापेक्षा कमी उत्साहानं ते दोन शब्द कुणी उच्चारले नसतील.

"ती देवीना संगे काय करी ऱ्हायनी?"

आता आबा सोडून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडण्याचा साठा संपला होता. मी जिजींना जवळ बोलावलं, कानात सगळं सांगितलं, आणि हळू बोला म्हणून हातही जोडले. जिजी हळूच बोलल्या. चौकातला पानवाला नंतर सांगत होता की त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"ती म्हनस, आबास्नी देवीले तिन्हं नाक लायं. ते बरोबर शे का, हाई देखाले ती आडवी पडनी व्हती, नि झोप लागी गई."

आबा भिंतीला निरखत होते. मग अगदी सावकाश म्हणाले, "तिले सांग, दोन वरीस झायात ती या घरमा उनी. आजपावत मी तिन्हं तोंड देखं नही. नाक कोठून देखसू?"

पाटलीणबाई खालीच बसल्या, हसून हसून. शेठाणी दाराला टेकल्या. डफवाला, जो नुकताच मला देवी समजून पाया पडला होता, तो सगळ्यांत जास्त हसला. यजमानांना अचानक आठवलं की परसातली केळ वाकली आहे, ते तिला टेकू द्यायला गेले.

"मंग कोनं नाक शे ते?" जिजींनी विचारलं.

"कोनंच नही. तठे पत्रा जाड व्हता."

डोळे पुसत पाटलीणबाई उठल्या. वेणी हवी म्हणून अडून बसलेल्या त्याच आता ती सोडवायला पदर खोचून पुढे आल्या. "गार पानी आना. हाई तं गूळनी भेलीसारखं शे. गरममा चिकट, गारमा फुटस."

"मी तेच करनार व्हतू," आबा भिंतीला म्हणाले. "डोळा बाकी व्हता म्हनीसन थांबनू. आते डोळा झायात. आते राळ फुटी तरी चाली."

मग विहिरीपासून खोलीपर्यंत शेजारणींची रांग लागली. घागरीमागून घागर कढईवर. निम्मं पाणी कढईवर, निम्मं माझ्यावर. तूप आणि पाणी मिळून मी कुठून कुठे वाहत होते कळेना. राळ चांगली गारठल्यावर जिजींनी मला धोतरात आपादमस्तक गुंडाळलं, तेव्हा कुठे आबा भिंतीकडून वळले. त्यांनी कढईच्या काठाजवळ छिन्नी लावली आणि एकच ठोका दिला. कडाड् करून राळ फुटली. मुखवटा उचलून निघाला, मागे काळ्या ढेकळांसकट, पण पुढून असा हसरा की जणू दुपारची सगळी गंमत त्यालाच कळली होती. आणि माझी वेणी निघाली! अख्खी, गुडघ्यापर्यंत. फक्त टोकाला कवठाएवढा राळेचा गोळा.

आबांनी मुखवट्याची पाठ साफ करून तो पाटलीणबाईंच्या ताटात ठेवला. त्यांनी एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. "चाल वं. देवीना संगे कढईमा बठनी, आते मिरवनुकमा बी चाल."

जिजींनी कोरडं लुगडं नेसवलं आणि मी निघाले. शहाद्याच्या भर बाजारातून लोणखेड्याच्या रस्त्यापर्यंत, पुढे डफ, मधे देवी, मागे मी पदर ओढून. डफाच्या प्रत्येक ठेक्याला तो राळेचा गोळा माझ्या पोटरीवर आपटे, आणि मी आपोआप तालात चाले. बायका म्हणत होत्या, सोनाराची सून काय छान नाचते.

पुढे तो गोळा जिजींनीच उतरवला, रोज तेल चोळून, रोज तीच कहाणी नव्या शेजारणीला सांगून. फुटलेली राळ काही कुणी टाकून देत नाही. ती आबांनी परत कढईत वितळवली, माझ्या तुटलेल्या केसांसकट.

दिवाळीच्या सुमारास मी अंगणात केस विंचरत होते. आबा ओट्यावर आले, खोकले. मी पदर घेतला. ते तुळशीला म्हणाले, "जिजी कोठे शे? तिले सांगो, राळमा केस मिसाळना तधळपासून राळ तडकत नही. पत्रा घट धरस. इंचरताना जितला केस गळतस, ते फेकू नको म्हना. मले लागतस."

आबांनी उभ्या जन्मात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी फणीतला गुंतवळ वर्षानुवर्षं डबीत भरून जिजींच्या हाती पाठवत राहिले, आणि आसपासच्या कैक गावांतल्या देव्यांचे चेहरे माझ्या केसांवर निजून घडले. तुम्हाला काय वाटलं, मी काही धडा घेतला? उलट जास्तच फुगले!

आता नातसुना विचारतात, "आजी, एवढी वेणी होती म्हणता, मग हा सुपारीएवढा अंबाडा कसा?" मी डोळे मिटून सांगते, "देवकार्याला लागली गं सगळी." (तीन-चतुर्थांश टायफॉईडात गेली. पण टायफॉईडाला कोण हात जोडतं?)